नमस्काराला कमी नाही, पण विचारतं कोण?

उतारवयातल्या आत्मसन्मानाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एक वाट 'पूर्वी वडीलधाऱ्यांचा केवढा मान होता' या उसाशाची, दुसरी 'मन तरुण ठेवा' या सकाळी सकाळी मोबाइलवर येणाऱ्या उपदेशाची. उसाशाने काही बदलत नाही आणि उपदेशाने तर उलट होतं. ज्याचं मन तरुण राहत नाही त्याला वाटायला लागतं, यातही आपलंच काही चुकलं.

खरी अडचण वेगळीच आहे, असं मला वाटतं. पाडव्याला रांगेने नमस्कार होतात, पंगतीत पहिलं पान मिळतं, लग्नपत्रिकेत नाव सर्वांत वर छापलं जातं. पण जुना फ्लॅट विकायचा का, नातीचं कॉलेज कुठलं, आणि खुद्द आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आत्ता करायचं की दिवाळीनंतर, हे सगळं आतल्या खोलीत ठरतं आणि बाहेर येऊन कळवलं जातं. मान शिल्लक राहतो, मत मोजलं जात नाही. माणसाला स्वतःची किंमत वाटते ती पाया पडणाऱ्यांच्या संख्येवरून नव्हे. आपल्या हातून काही होतं आणि आपल्या बोलण्याने काही ठरतं, या दोन गोष्टींवर ती उभी असते. या विषयावरचं संशोधन, कायदे आणि आपल्या अवतीभवतीचे प्रयोग पाहिले की हे पुन्हा पुन्हा दिसतं.

आधी मोजमापाबद्दल, थोडक्यात. आत्मसन्मान मोजण्याची जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाची, १९६५ सालची, दहा विधानांची. ती मुळात शाळकरी किशोरवयीन मुलांसाठी तयार झाली होती. ऐंशी वर्षांच्या माणसाला आपण अजून त्याच फुटपट्टीने मोजतो, ही या क्षेत्रातली एक गंमत आहे. तरीही आकडे सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. उलरिख ऑर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ वर्षांपासून शंभरीपुढच्यांपर्यंत ३,६१७ अमेरिकनांचा १६ वर्षांचा माग होता. त्यात आत्मसन्मान तरुणपणापासून चढत जाऊन साठीच्या आसपास शिखरावर पोहोचतो आणि मग उतरतो, असं दिसलं. पुढे २०१८ मध्ये याच संशोधकाने इतरांबरोबर ३३१ नमुन्यांतली, एक लाख ६४ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा चित्र जरा सौम्य झालं. साठीपर्यंत चढ, सत्तरीपर्यंत सपाट, नंतर हलका उतार आणि नव्वदीनंतरच मोठी घसरण.

म्हणजे साठ हे घसरणीचं वय नव्हे. सरकारी नोकराला आपण ज्या सुमारास शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतो, त्या सुमारास माणसाची स्वतःबद्दलची धारणा सर्वांत भक्कम असते. २०१० च्या अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. उतरणीचा बराचसा उलगडा तब्येत आणि सांपत्तिक स्थिती यांतल्या बदलांनी होतो. वय वाढलं म्हणून मन आपोआप खचतं असं नाही. ऐकू येईनासं होतं, पैसे मागावे लागतात, एकट्याने बाहेर पडता येत नाही, म्हणून ते खचतं. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहेत, हीच यातली आशेची बाजू.

हे आकडे पाश्चात्त्य समाजांचे आहेत आणि आपल्याकडे ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये 'लासी' या पाहणीची पहिली फेरी केली. पंचेचाळीस वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक भारतीयांना त्यात प्रश्न विचारले गेले, साठीपुढचे त्यांत सुमारे साडेएकतीस हजार. एक मोठा फरक मात्र पाहणीशिवायही दिसतो. निवृत्ती ही गोष्टच आपल्यातल्या बहुसंख्यांच्या वाट्याला येत नाही. राज्य सरकारी कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, त्याचा निरोप समारंभ होतो आणि पुढच्या सोमवारी तो डबा न घेता घरात फिरत राहतो. शेतमजूर बाईला असा सोमवार नसतो. कंबर वाकेनाशी झाली की निंदणीला बोलावणं येत नाही, एवढंच. कुणी 'तू आता थांब' म्हणत नाही. मुकादम दुसऱ्या दारात जातो.

त्यामुळे 'निवृत्तीनंतर छंद जोपासा' या धर्तीचा सगळा मजकूर पेन्शनरांसाठीच लिहिलेला असतो. त्यांचीही अडचण खरी आहे. तीस वर्षं 'साहेब', 'सर', 'हेडबाई' हीच ओळख असलेल्या माणसाला बँकेत 'काका, जरा बाजूला उभे राहा' ऐकावं लागतं, तेव्हा काय तुटतं ते त्यालाच ठाऊक. पुरुष यात जास्त अडखळतात, कारण त्यांनी आपली सगळी किंमत एकाच खुर्चीवर ठेवलेली असते. पण खेड्यातल्या म्हाताऱ्याची किंमत सातबाऱ्यावरच्या नावात असते, दारातल्या बैलात असते, पेरणी कधी करायची हे त्याला विचारण्यात असते. खातेफोड झाली, बैल विकून भाड्याचा ट्रॅक्टर आला, पेरणीचा सल्ला मोबाइलवर मिळायला लागला. यात कुणी त्याचा अपमान केला नाही, तरी त्याच्याकडे विचारायला येणारं कुणी उरलं नाही.

बाईचं गणित आणखी निराळं. तिचं काम कधीच सुटत नाही, पण अधिकार मात्र सुटतो. मसाला कितपत भाजायचा, लोणच्याला कैरी कुठली, आहेर कुणाला किती, हे तिचं खातं. सून ते हाती घेते, आणि घ्यायलाच हवं. प्रश्न घेण्याच्या रीतीचा आहे. 'आई, तुम्ही आता बसा' हे वाक्य प्रेमानेच म्हटलं जातं आणि तरीही त्याच्याइतकं घरातल्या बाईला निकामी करणारं वाक्य दुसरं नाही. त्यात नवरा आधी गेला तर? साठीपुढच्या स्त्रियांत विधवांचं प्रमाण पुरुषांमधल्या विधुरांपेक्षा कितीतरी जास्त आहे. ज्या बाईने चाळीस वर्षं हळदीकुंकवाची ताटं सजवली तिलाच एका दिवसात त्या ताटापासून लांब उभं केलं जातं. तिचा आत्मसन्मान वाढवायला व्याख्यान काय कामाचं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या विधवाप्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठरावाने लगेच घराघरातलं वागणं बदललं असा दावा कुणी करू नये. पण अपमान ही खासगी खंत नसून गावाने मिळून घडवलेली आणि म्हणूनच गावाने मिळून मोडता येणारी गोष्ट आहे, हे त्या ठरावाने लेखी मांडलं.

याच्याही आधीचं एक उदाहरण मला या संपूर्ण विषयात सर्वांत बोलकं वाटतं. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं लहानसं गाव आहे. तिथले जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी गावकऱ्यांच्या आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साथीने ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू केली. साठ ते नव्वद वयाच्या बाया गुलाबी लुगड्यांत, पाठीला दप्तर, हातात पाटी घेऊन दुपारी दोन तास शाळेत बसू लागल्या. वेळ दुपारचीच, कारण सकाळी घरचं आणि शेतावरचं काम. देशी-परदेशी छायाचित्रकारांनी गुलाबी लुगडी टिपली आणि जगभर कौतुक झालं. कौतुकाच्या भरात या शाळेतलं खरं मर्म निसटतं.

गणवेश हे त्यातलं पहिलं. म्हाताऱ्या बाईने काय नेसावं हे आपल्याकडे नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून ठरतं. इथे विधवा आणि सवाष्ण एकाच गुलाबी रंगात एकाच सतरंजीवर बसल्या. दुसरं, अक्षर शिकण्याचा उपयोग त्यांना लगेच दिसला. बँकेत अंगठ्याऐवजी सही करणं, पोथीतली ओळ स्वतः वाचणं. अंगठा उठवताना शाईचं बोट पदराला पुसत उभं राहण्यातली लाज ज्याने पाहिली आहे, त्याला सहीची किंमत वेगळी सांगायला नको. आणि तिसरं, शाळेत जायचं असल्यामुळे दुपारी दोन ते चार ही वेळ त्यांची स्वतःची झाली. घरच्यांना त्या वेळेत त्यांना काम सांगता येईना. नव्वदीतल्या बाईला बाराखडी येते की नाही हा प्रश्न त्यापुढे फार छोटा आहे. प्रौढ साक्षरतेच्या 'उल्लास' कार्यक्रमातल्या परीक्षांना अलीकडे वयस्कर बायका बसतात, तेव्हा वर्तमानपत्रं त्यांचे गुण छापतात. मला वाटतं, त्या दिवशी घरचा स्वयंपाक कुणी केला हे छापलं पाहिजे.

स्वतःचं स्वतः ठरवता येण्याची किंमत मानसशास्त्राला अर्धशतकापूर्वीच प्रयोगातून दिसली होती. एलन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धसेवाश्रमात दोन मजल्यांवरच्या रहिवाशांना वेगवेगळी वागणूक दिली. एका मजल्यावर सांगितलं, तुमची खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या रात्री पाहायचा ते सांगा आणि हे रोपटं घ्या, त्याची निगा तुम्हीच राखायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, सिनेमाही दाखवला, पण सांगितलं की सगळी काळजी आमचे कर्मचारी घेतील. पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक तरतरीत आणि मिसळणारे झाले. दीड वर्षाने पाहिलं तर पहिल्या गटात सुमारे १५ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे ३० टक्के लोक वारले होते. हा प्रयोग भाषणांत फार रंगवून सांगितला जातो, म्हणून खबरदारी घ्यावी. माणसं शंभरसुद्धा नव्हती आणि वाटणी मजल्यानुसार झालेली होती, त्यामुळे मृत्यूच्या आकड्यावर फार भार टाकणं बरोबर नाही. पण दोन्ही मजल्यांवर माया सारखीच होती आणि फरक फक्त कुणी ठरवायचं एवढाच होता, हे त्या प्रयोगाचं बळ कायम राहतं.

त्याच वर्षी रिचर्ड शुल्त्झ यांनी केलेला दुसरा एक प्रयोग आपल्याकडे कुणी सांगत नाही, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. एका वृद्धनिवासात कॉलेजची मुलं भेटायला येत. काही रहिवाशांना भेट कधी आणि किती वेळ हे ठरवण्याची किंवा निदान आधी कळण्याची मुभा होती, काहींकडे मुलं अवचित येत, काहींकडे येतच नसत. ठरवू शकणारे आणि आधी कळणारे अधिक उत्साही झाले. मग अभ्यास संपला, मुलं यायची थांबली. पुढच्या काही वर्षांत पुन्हा पाहिलं, तेव्हा ज्यांची उमेद सर्वांत जास्त वाढली होती तेच जास्त खाली आले होते. द्यायचं आणि काढून घ्यायचं, हे न देण्यापेक्षा वाईट. वृद्धाश्रमात वाढदिवस साजरे करून फोटो काढून जाणाऱ्या मंडळांनी, कंपन्यांच्या 'सेवा दिवस' करणाऱ्यांनी आणि कॉलेजच्या तुकड्यांनी हा प्रयोग भिंतीवर लावून ठेवावा. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी येणारा एकच मुलगा वर्षातून एकदा येणाऱ्या पन्नास मुलांपेक्षा मोलाचा.

घरातल्या आजी-आजोबांच्या बाबतीतही प्रश्न कुणी ठरवायचं हाच आहे. नातवंडांची जबाबदारी हा आपल्याकडचा आत्मसन्मानाचा सर्वांत मोठा झरा आहे, यात वाद नाही. पण उपयोगी पडणं आणि गृहीत धरलं जाणं यांत अंतर फार थोडं असतं. शाळेच्या बसथांब्यावरून नातवाला आणणारे आजोबा खुशीत असतात, कारण त्यांच्यावाचून काही अडतं. तेच आजोबा जर चार दिवस अलिबागला मित्राकडे जातो म्हणाले आणि घरात सगळ्यांचे चेहरे पडले, तर ती खुशी मजुरीत बदलते. बाळंतपणासाठी सहा-सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या पुण्या-ठाण्याच्या आया यात एका टोकाला असतात. इथे रिक्षा करून कुठेही जाणारी, ज्येष्ठ नागरिक संघाचे हिशोब ठेवणारी बाई तिथे दूध आणायलाही लेकीच्या गाडीवर अवलंबून. तिचं तिथे प्रेमाने स्वागत होतं आणि तरी ती परतीच्या तारखेवर डोळा ठेवून असते, याचं घरच्यांना आश्चर्य वाटतं.

पैशाचा मुद्दा आपण संकोचाने टाळतो. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधल्या (१९७०) गणपतराव बेलवलकरांनी सगळं मुलांना वाटून टाकलं, ही गोष्ट मराठी माणसाला तोंडपाठ आहे. इतकी, की तिचा धडा आपण 'मुलं कृतघ्न असतात' एवढाच घेतला. मला त्या नाटकात वेगळं दिसतं. बेलवलकरांना अन्नाची ददात नव्हती. चोरीचा आळ घेतला गेला तेव्हा त्यांचं मन मोडलं. ज्याच्या हाती स्वतःचं काही नसतं त्याच्यावरच असा संशय सहज घेतला जातो.

२००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने यावर थोडा इलाज केला. साठीपुढच्या पालकांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. कायद्यातली कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपयांची, आणि अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. कलम २३ त्याहून कामाचं आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. ही अट असल्याचं सिद्ध व्हायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ च्या एका निकालात सांगितलं. जानेवारी २०२५ च्या निकालात मात्र कायद्याचा हेतू पाहून त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असा कल न्यायालयाने दाखवला. तरी कागद करताना अट स्पष्ट लिहून घेणं शहाणपणाचं. 'पोरांवर विश्वास नाही का?' हा प्रश्न त्या वेळी हमखास येतो. विश्वास असला तरी अट लिहिता येते. लग्नाची नोंदणी आपण अविश्वासापोटी करत नाही.

गरिबांच्या बाबतीत रक्कम लहान असते, पण परिणाम तितका लहान नसतो. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये पुरेसे आहेत असं कुणी म्हणणार नाही. पण ते म्हातारीच्या नावावर येतात, आणि नातवाच्या हातावर दहाची नोट ठेवण्याची सोय तेवढी होते. एसटीच्या सवलतीचंही तसंच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून सगळ्या स्त्रियांना अर्धं तिकीट. अर्थतज्ज्ञ याला महामंडळाच्या तोट्याच्या रकान्यात बसवतात, त्यांचं तेही बरोबर असेल. मला त्यात मुलाकडे तिकिटाचे पैसे न मागता लेकीकडे निघालेली बाई दिसते.

उलट बाजूही सरकारीच. पेन्शन चालू राहण्यासाठी दर नोव्हेंबरला आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय आली. पण आयुष्यभर विटा, कोयता, माती यांच्याशी झगडलेल्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. रेशनच्या दुकानात यंत्र 'जुळत नाही' म्हणतं आणि मागची रांग चुळबुळते. यात दोष म्हाताऱ्या हातांचा नाही, पण शरमतो तोच माणूस. चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आता आहे, पोस्टमन घरी येऊनही करून देतो. हे कितीजणांना कुणी समजावून सांगितलं? मोबाइलवरून पैसे पाठवण्याचं तर विचारूच नका. मुलगा 'द्या इकडे, मी करतो' म्हणून दहा सेकंदांत काम उरकतो. वडिलांना शिकवायला त्याला अर्धा तास लागला असता. असे अर्धे तास वाचवण्यातच पुष्कळ घरांतल्या वडिलांचा परावलंबीपणा तयार होतो.

शरीराच्या बाबतीत आपण रक्तदाब, साखर यांवर मनसोक्त बोलतो. कट्ट्यावर तर त्याच्या स्पर्धा चालतात. आत्मसन्मानाला खरा सुरुंग लावणाऱ्या गोष्टी मात्र बोलल्या जात नाहीत. पहिली, ऐकू कमी येणं. चष्मा लावण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, कानात यंत्र घालण्यात वाटतो. मग माणूस अंदाजाने हसतो, भलतंच उत्तर देतो, पोरं खुसखुसतात, आणि तो हळूहळू बोलण्यातून अंग काढून घेतो. दुसरी, लघवीवर ताबा न राहणं. लग्नाला येत नाहीत, देवळात बसत नाहीत, प्रवास टाळतात. घरच्यांना वाटतं, स्वभाव तुसडा झाला. खरं कारण बाथरूम कुठे असेल याची धास्ती. यावर व्यायाम आहेत, औषधं आहेत, साधे पॅड आहेत. डॉक्टरांनी आपणहून विचारलं तर निम्मं काम होतं, कारण पेशंट कधीच सांगणार नाही.

आणि नैराश्य. 'आता आमचं काय राहिलंय' हे वाक्य आपण म्हातारपणाचं पालुपद समजून सोडून देतो. लासी पाहणीत साठीपुढच्यांत प्रश्नावलीच्या आधारे नैराश्याची शक्यता सुमारे ८ टक्के लोकांत दिसली. 'डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलंय' असं सांगणारे १ टक्क्याहून कमी. मधली सगळी माणसं 'वयामुळे असं होतं' या समजुतीखाली झाकली गेली. स्वतःबद्दल काहीच बरं न वाटणं, झोप उडणं, जेवण तुटणं हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालू असेल, तर ते तत्त्वज्ञान नव्हे, आजार असू शकतो. तिथे सत्संग किंवा हास्यक्लब पुरत नाही. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर किंवा १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो, आणि औषधांचा उपयोग म्हाताऱ्या मेंदूलाही होतो.

हास्यक्लबाचं नाव घेतलंच आहे, तर तो मुंबईचाच. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये लोखंडवाला संकुलातल्या बागेत तो सुरू केला आणि तो जगभर गेला. मला त्या हसण्याविषयी शंका आहेत, पण रोज सकाळी साडेसहाला 'तुम्ही काल का आला नाहीत?' असं विचारणारी वीस माणसं मिळतात याबद्दल शंका नाही. ज्येष्ठ नागरिक संघ आणि पालिकांची विरंगुळा केंद्रं हेच करतात. महाराष्ट्रात असे संघ गल्लोगल्ली आहेत, त्यांचा राज्य महासंघ 'फेस्कॉम' आहे. यांत जो खजिनदार होतो, सहलीची बस ठरवतो, आजारी सभासदाच्या घरी जाऊन येतो, त्याची तब्येत सुधारते असं माझं निरीक्षण आहे. जो फक्त व्याख्यान ऐकायला येतो तो डुलक्या घेतो. अनेक संघांत बायका सतरंजीवर आणि पुरुष व्यासपीठावर असतात, ही तक्रार जुनीच आहे.

या संघांहून जुनी व्यवस्था वारीची. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्यांत पांढऱ्या केसांची माणसं कमी नसतात. त्यांना तिथे कुणी 'तुम्ही बसा' म्हणत नाही. दिंडीत प्रत्येकजण प्रत्येकाला माउली म्हणतो, वीणेकऱ्याची जागा ठरलेली, टाळकऱ्याची ठरलेली, आणि ज्याला अभंगाची चाल पक्की येते त्याला ऐंशीव्या वर्षीही विशीतली पोरं विचारतात. माणसाला त्याच्या कामावरून जागा आणि जागेवरून मान, यात तिथे वय आड येत नाही.

पण वारीत पाय चालायला हवेत, आणि एक दिवस ते चालत नाहीत. त्याचं काय? इथे पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या जर्मन दांपत्याने मांडलेली कल्पना उपयोगी आहे. ते पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं उदाहरण देत. ऐंशीच्या घरात तो कसा वाजवत होता? त्याने मोजक्याच रचना निवडल्या, त्यांचा रियाज वाढवला आणि वेगाच्या जागेआधी लय मुद्दाम संथ केली, म्हणजे पुढचा वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटे. कमी करायचं, पण जे उरेल ते नीट करायचं, आणि उणीव युक्तीने भरून काढायची. आमच्याकडचे जुने गवयी हेच करत आले. तानेची धावाधाव सोडून आलापात राहायचं.

इथे एक सावधगिरी. अण्णासाहेब कर्वे एकाहत्तराव्या वर्षी जगप्रवासाला निघाले आणि शंभराव्या वर्षी, १९५८ साली, भारतरत्न झाले. असे दाखले ज्येष्ठांच्या मेळाव्यांत हटकून दिले जातात. पंच्याहत्तरीत कळसूबाई चढणाऱ्या आजींची बातमी तशीच. ऐकणाऱ्यांपैकी ज्याला जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तो मनात काय हिशोब मांडत असेल? अपवादात्मक माणसांची आरती गाऊन सामान्य म्हातारपणाला आपण नापास करतो. रुबिनस्टाइनची युक्ती मात्र कुणालाही जमते. चौसष्ट पदार्थ करणाऱ्या आजीने आता फक्त पुरणपोळी करावी, कणीक सुनेने मळावी, आणि पुरण किती घट्ट हे आजीने ठरवावं.

मागे वळून पाहणं हा म्हातारपणाचा चाळा नसून कामच आहे, असं रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये मांडलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते ३६ या काळात आली, तेव्हा त्यांचं वय पासष्टीच्या पुढे होतं. शिक्षण जेमतेम असलेल्या बाईने आपलं आयुष्य असं लिहिलं, की आपलीच फजिती सांगताना तिचा तोल जात नाही. स्वखर्चाने आत्मचरित्र छापून नातेवाइकांत वाटणाऱ्या निवृत्तांची आपण थट्टा करतो. करावी, काही पुस्तकं तशी असतातही. पण त्यांच्यातल्या एकाला तरी नातवाने 'आजोबा, त्या संपात तुमचा पगार किती कापला?' असं विचारलं, तर छपाईचा खर्च वसूल झाला. बटलरनेच असंही बजावलं होतं की आठवणींची ही झाडाझडती काहींना पश्चात्तापात लोटते. तेव्हा सगळ्यांना वह्या वाटू नयेत.

समाज म्हातारपणाबद्दल काय बोलतो हेही आपण आतून पचवत असतो. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये ओहायोमधल्या एका गावातल्या पन्नाशीपुढच्या ६६० लोकांची जुनी माहिती तपासली. स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने पाहणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. तब्येत, पैसा, एकटेपणा हिशोबात धरूनही फरक टिकला. तरी यातून 'चांगला विचार करा, आयुष्य वाढवा' असा मंत्र काढणं मला पटत नाही. ज्यांना चाळीस वर्षं 'साठी बुद्धी नाठी' ऐकवलं, त्यांनी साठीनंतर अचानक चांगला विचार कुठून आणायचा? ती बेगमी तिशी-चाळिशीत, आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांशी आपण कसं बोलतो त्यातून होत असते.

विचारण्याची सर्वांत मोठी परीक्षा दवाखान्यात होते. खुर्चीवर पेशंट बसलेला असतो आणि डॉक्टर मागे उभ्या मुलाकडे बघून बोलतात. 'यांना झोप लागते का?' रिपोर्ट मुलाच्या हाती, निर्णय मुलाचा, आणि काही वेळा आजाराचं नावही पेशंटपासून लपवलेलं. खचतील, हे कारण. पण आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय हे कळल्यावर माणूस जास्त खचतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. बरं होण्याची आशा नसताना कृत्रिम श्वासासारखे उपचार नकोत, हे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. आधी त्यावर दंडाधिकाऱ्याची सही लागे, त्यामुळे फार कुणी वाट्याला गेलं नाही. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होतं. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावंही त्यात लिहायची असतात. नाव कुणाचं लिहायचं हे मात्र म्हाताऱ्याने स्वतः ठरवायचं असतं, आणि ते मोठ्या मुलाचंच असायला हवं असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही.